विरळ वस्तीचा तालुका आणि आपली शाळा



पुणे जिल्ह्यातील सर्वांत विरळ वस्तीचा तालुका वेल्हे; त्यालाच आता राजगड हे नाव मिळाले आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहरात ३१ लाखांहून अधिक माणसे होती. या संपूर्ण तालुक्यात सुमारे ५४ हजार.

तोरणा व राजगड येथलेच. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी राजगडावर होती, हे मुलांना पाठ असते. परंतु खाचरातील भात, डोंगरउतारावरील नाचणी-वरई आणि पोटासाठी पुण्या-मुंबईस गेलेली माणसे, हाही त्यांचाच इतिहास होय. पानशेत व वरसगाव धरणांखाली येथील शेते-घरे बुडाली. त्या पाण्यावर पुणे वाढले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तो प्रलय शहराच्या स्मरणात राहिला. बुडालेल्या गावांचे स्मरण कोणी ठेवावे?

वर्गात दहाच मुले असली तरी प्रत्येकास काही घरे नेमून द्या. शेतात काय पिकते, घरातील कोण परगावी आहे, विहीर कोणत्या महिन्यात आटते, म्हाताऱ्यांना कोणते जुने गाव आठवते, हे त्यांनी विचारून लिहावे. ती वही शाळेत जपून ठेवा. वस्ती विरळ असली, म्हणून तिचा इतिहास विरळ नसतो.