दुखणं काढणं : वजन, व्यायाम आणि घरची माणसं
(गुंजी येथे शिक्षक, लेखक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर वजन आणि व्यायाम हा विषय कशासाठी, असं काहींच्या मनात आलं असेल. त्यासाठी डॉक्टर बोलवावेत. पण मी मानसशास्त्र शिकवतो आणि माझा अनुभव असा, की डॉक्टरांचा सल्ला दवाखान्याच्या दारापर्यंतच वैद्यकाचा असतो. तो घराचा उंबरठा ओलांडून आत आला की नात्यांचा आणि भाषेचा होतो. आज त्या उंबऱ्याच्या आतलं बोलणार आहे.

आपल्या बोलण्यातलं शरीर कसं आहे ते आधी पाहू. बऱ्याच दिवसांनी भेटलेला पाहुणा म्हणतो, ‘तब्येत सुधारली हं!’ म्हणजे वजन वाढलं. ‘अंगानं भरली’, ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे सगळे कौतुकाचे शब्द. उलट ‘वाळला’, ‘उतरला’, ‘हाडाची काडं झाली’ यांत काळजी असते आणि त्या काळजीत कुणावर तरी ठपका असतो. माहेरी आलेल्या लेकीला आई दारातच न्याहाळते. ती वाळलेली दिसली, तर सासरच्या चुलीवर फिर्याद दाखल झालीच म्हणून समजा! आपल्याकडे वजन हा एकट्याच्या शरीराचा आकडा कधीच नव्हता. घराचा मान आणि माणसाची माया त्यावरून मोजली जाई. त्यामागे इतिहासही आहे. दुष्काळ, उपासमार आणि टीबी. टीबीला आपण क्षय म्हणतो, म्हणजे झिजणं. रोगाचं नावच वजन उतरण्यावरून पडलेलं.

आता अशा भाषेत राहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला डॉक्टर सांगतात, आठ किलो वजन उतरवा. तो नेटानं तीन-चार किलो उतरवतो. बाजारात पहिला भेटणारा विचारतो, ‘काय हो, बरं नाही काय? शुगर लागली की काय?’ दुसरा त्याच्या बायकोकडे पाहून काही न बोलता बोलतो. ‘लोक मला नावं ठेवतात’ असं म्हणून ती भाताचं वाढप पुन्हा पहिल्यासारखं करते. इथं कुणाची इच्छाशक्ती कमी पडली? कुणाचीच नाही. डॉक्टरांचा शब्द आणि गावाचा शब्द यांचे अर्थच जुळले नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. ‘काडीसारखा तर आहे, त्याला कसली शुगर’ हेही आपण सर्रास म्हणतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला मोठा धक्का दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. उंची आणि वजन यांच्यावरून निघणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटानं जन्मलेली बाळं मोजली, तेव्हाही हेच दिसलं : वजनानं हलकी, पण त्या मानानं चरबी राखून असलेली. तेव्हा ‘भरलेला’ आणि ‘वाळलेला’ या आपल्या दोन शब्दांवर कुणाच्या आरोग्याचा निवाडा करू नये, हे बरं.

व्यायामाकडे येऊ. इथल्या एखाद्या मावशीला रोज फिरायला जा म्हटलं, तर ती हसते. ‘दिवसभर राबतोच की मी, आणि वेगळा कसला व्यायाम?’ तिचं म्हणणं उडवून लावू नये. नट्टीच्या दिवसांत कमरेत वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बाईचं शरीर कष्टतच असतं. पण कष्ट आणि व्यायाम यांतला मानसिक फरक मोठा आहे. कष्ट दुसऱ्यासाठी, वेळ दुसऱ्याच्या हाती, आणि शेवटी उरतो तो शीण. व्यायामाचा वेळ स्वतःचा असतो. आपल्या बायकांना नेमका तोच मिळत नाही. अर्धा तास ‘नुसतं’ फिरायला गेलेल्या सुनेला गावात काय ऐकावं लागतं, हे इथं बसलेल्या भगिनी माझ्याहून चांगलं सांगतील.

पुरुषांना तो वेळ तालमीनं दिला. बेळगाव हे कुस्तीचं गाव. तालमीत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. तिथं पहाटे जोर-बैठका मारायला पोरगा उठतो, तो काही हृदयविकार टाळण्यासाठी नव्हे. जोडीदार वाट पाहत असतो, वस्ताद विचारतील, आज का चुकलास? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी टिकणाऱ्या प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या : हे मी माझ्या मनानं करतो आहे ही भावना, मला हे जमतं आहे ही भावना आणि मी कुणाचा तरी आहे ही भावना. तालमीत या तिन्ही सापडतात. लग्नानंतर तालीम सुटते आणि जोडीदारही सुटतात. मेहनत थांबते, खुराक मात्र चालूच राहतो. पुढचं सांगायला नको.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. आपल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधी ते कित्येक वर्षं सँडो पद्धतीचा व्यायाम करत आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहामुळे नमस्कारांकडे वळले, हे कमी जणांना ठाऊक असतं. राजालाही कुणीतरी सांगणारं लागतं. त्यांनी बायकांनाही नमस्कार घालायला सांगितले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपण ‘दुखणं काढतो’. ‘सासूचं दुखणं सुनेनं काढलं.’ ‘आजारपण’ हा शब्दही ‘बाळंतपण’, ‘म्हातारपण’ यांच्या पंगतीतला; ते कुणीतरी करायचं असतं, निभवायचं असतं. आजार एकाला झाला तरी आजारपण घराला येतं, ही समज आपल्या भाषेत आधीपासून आहे. पण त्याच क्रियापदाचा दुसरा वापर पाहा : ‘दुखणं अंगावर काढलं.’ दुसऱ्याचं काढायचं ते सेवा करून, स्वतःचं काढायचं ते अंगावर. आणि ते अंगावर काढणारी बहुतेक वेळा कोण असते, हे सांगायला अभ्यास नको. नवऱ्याला शुगर झाली, की त्याची भाकरी वेगळी होते, भाजीतलं तेल मोजलं जातं. बायकोला झाली, की ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात खाते, कारण अन्न टाकवत नाही. गोळी तीच, कागदावरचं पथ्यही तेच. ताटं मात्र दोन.

घरची माया आजाऱ्याच्या वाट्याला दोन रूपांनी येते : पहारा आणि सोबत. ‘पुन्हा साखर घेतली? मरायचं आहे काय?’ हा पहारा. त्यामागचं प्रेम खरं असतं, भीतीही खरी असते. पण जोडप्यांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं, की दटावणीनं माणूस सुधारण्यापेक्षा लपवायला शिकतो. मग तो लोंढ्याच्या टपरीवर गोड चहा पितो आणि घरी कोरा. सोबतीत बायको स्वतःच्याही चहातली साखर कमी करते, मुलगा संध्याकाळी ‘चला बाबा, स्टेशनपर्यंत जाऊन येऊ’ म्हणतो. २००७ साली निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या १२,०६७ माणसांची तीस वर्षांहून जास्त काळाची माहिती तपासली. नवरा-बायकोपैकी एक स्थूल झाला, तर दुसऱ्याची ती शक्यता ३७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मित्राच्या बाबतीत तर ५७ टक्क्यांनी. कारण-परिणाम इतका सरळ नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. सारखी माणसंच एकत्र येतात, एकाच चुलीवरचं खातात. पण चूल एक आहे, तर बदलही चुलीपाशीच व्हायला हवा, एवढं त्यातून नक्की निघतं.

आणि आकड्यापुढे नतमस्तक होऊ नका. २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार आणि चालणं बदललेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे २८.५ टक्क्यांनी घटला, तोही वजन फारसं उतरलेलं नसताना. काट्यानं शाबासकी दिली नाही तरी शरीर आतून ऐकत होतं. हे रुग्णाला कुणी सांगतच नाही. महिन्यानं काटा हलला नाही की तो चालणं सोडतो.

मराठीत या साऱ्याचं एक मोलाचं पुस्तक आहे, डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या डॉक्टरालाच हृदयविकाराचा झटका येतो आणि तो स्वतःच्या जगण्याची उलटतपासणी करतो. आहार, चालणं, ध्यान यांच्या बरोबरीनं ताण आणि प्रेम हे प्रश्नही तो वैद्यकाच्या टेबलावर मांडतो. त्यांनी आधार घेतलेल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या उपचारातही आहार-व्यायामाइतकीच जागा गटात बसून मनातलं बोलण्याला होती. अनेकांनी हे पुस्तक आहाराचं पुस्तक म्हणून वाचलं, तेल किती चमचे ते उतरवून घेतलं. मला ते कबुलीचं पुस्तक वाटतं. मराठी पुरुष ‘मी घाबरलो होतो’ असं सहसा लिहीत नाही. पद्मजा फाटक यांचं ‘हसरी किडनी’ही याच्या शेजारी ठेवून वाचा, आजारी बाईच्या हातात लेखणी असली की काय काय दिसतं, ते कळेल. पण अशा लिहित्या बाया थोड्या. अंगावर काढणाऱ्या बहुतेकींनी काही लिहून ठेवलं नाही.

म्हणून इथल्या शिक्षकांना एक काम सांगतो. मुलांना आपापल्या आजीकडे पाठवा. दुखण्याचे, खाण्यापिण्याचे, अंगाचे शब्द त्यांना वहीत उतरवून आणू द्या. इथल्या बोलीतले, कानडीतून आलेले, कोकणीशी मिसळलेले, जसे असतील तसे. आणि प्रत्येक शब्दाखाली आजी तो कुणाच्या दुखण्याविषयी बोलली, तेही लिहायला सांगा. स्वतःच्या दुखण्याविषयी तिनं काहीच सांगितलं नाही, तर ती ओळ कोरी सोडायची. वह्या मला पाठवा. कोऱ्या ओळी किती निघतात, ते मला पाहायचं आहे.