परदेशगमन आणि पात्रता
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



निवृत्त शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला की तो शिक्षणाच्या महतीवर बोलणार असे श्रोते गृहीत धरतात. आज आम्ही तसे करणार नाही. अलीकडे परळ-लालबागकडील जे पालक आमच्याकडे सल्ल्यास येतात, त्यांतील कितीतरी जणांचा प्रश्न एकच असतो : "गुरुजी, पोराला जर्मनीला पाठवावं म्हणतो. जमेल का?" त्या प्रश्नाचे उत्तर आपणां सर्वांसमोर मांडावे, एवढाच आजचा हेतू.

जर्मनीचेच नाव सर्वांच्या तोंडी का, याला कारण आहे. सन २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या देशातील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि प्रायोगिक तत्त्वावर १०,००० कुशल कामगार पाठविण्याचे योजिले. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. हे नगर १९६८ पासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. असो.

पोटासाठी गाव सोडणे आपणांस नवे नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, गिरणगावात एकेका गाळ्यात वीस-वीस जण राहिले, खानावळीत जेवले आणि गावी मनीऑर्डर करीत राहिले. त्या काळीही पात्रता लागत असे. परंतु ती कोठे लिहिलेली नव्हती. ती जॉबरच्या, म्हणजे आपल्या बोलीतील मुकादमाच्या, जिभेवर होती. त्याला दस्तुरी पोहोचली तर माणूस आत, नाहीतर बदलीवाल्यांच्या रांगेत दाराशी उभा. आज काळ पालटला आहे. कोणत्या देशाला कोणता कारागीर हवा, हे त्या त्या देशाचे सरकार छापून प्रसिद्ध करते व ते कोणासही वाचता येते. आणि तरीही आपली माणसे नियम न वाचता मुकादमाच्या शोधात निघतात! आता त्याला एजंट म्हणतात, एवढाच काय तो फरक.

जर्मनीचा नियम आम्ही सोपा करून सांगतो. जून २०२४ पासून तेथे 'संधीपत्र' म्हणता येईल असा एक व्हिसा मिळतो. हे पत्र हाती असलेला मनुष्य तेथे एक वर्षापर्यंत राहून नोकरी शोधू शकतो आणि तोवर आठवड्यास २० तास काम करू शकतो. निर्वाहापुरते पैसे जवळ असल्याचा पुरावा मात्र आधी द्यावा लागतो. त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षण हवे. त्या शिक्षणाविषयी जर्मनीतील मध्यवर्ती कार्यालयाचा दाखला हवा. जर्मन भाषेची ए-१ ही पहिली पायरी किंवा इंग्रजीची बी-२ पायरी हवी. त्यावर निदान सहा गुण मिळवावयाचे. वय ३५ च्या आत असल्यास दोन गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा कामाचा अनुभव असल्यास दोन. जर्मन बी-१ पर्यंत शिकल्यास आणखी दोन. म्हणजे आय.टी.आय.मधून फिटर झालेला, दोन वर्षे कारखान्यात राबलेला २६ वर्षांचा मुलगा भाषा मन लावून शिकला, तर त्याचे सहा गुण भरले. यात कोणाची ओळख वा वशिला कोठे आला?

परंतु 'दोन वर्षांचे' या शब्दांवर सर्वांनी बोट ठेवावे. आय.टी.आय.मध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वेल्डर आणि प्लंबर हे एक वर्षाचे. लालबागच्या एका चाळीतील आमचा एक जुना विद्यार्थी उत्तम वेल्डर आहे. त्याच्या हातची जोड पाहून जाणकार मान डोलावतात. परंतु त्याचे प्रमाणपत्र एक वर्षाचे. एका एजंटाने त्यास जर्मनीची खात्री दिली आणि चार लाख रुपये मागितले. मातोश्रींनी पाटल्या मोडल्या, उरलेली रक्कम पतपेढीतून काढली. सात महिने गेले, व्हिसा आला नाही, आणि पैशाची पावतीही नाही. मुलाचा हात कच्चा नव्हता; कागद एक वर्षाने तोकडा होता. हे त्या एजंटास ठाऊक नसेल, असे आम्ही मानीत नाही.

येथे आपल्या देशाचा कायदाही सांगितला पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यास सरकारी परवाना लागतो, आणि त्यास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीस जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसास सरकारची वेगळी अनुमती घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण मनुष्यास ती लागत नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. ज्या मॅट्रिकला आज कोणी विचारीत नाही, तिची किंमत पासपोर्ट कचेरीत अजून टिकून आहे, हे पाहून आम्हांस थोडे बरे वाटले.

नर्सिंगच्या मुलींची गोष्ट वेगळी. जर्मनीत परिचारिकेचा पेशा नियंत्रित आहे. तेथील अधिकाऱ्यांकडून शिक्षणास मान्यता मिळाल्यावाचून पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि भाषाही वरच्या पायरीची लागते. रुग्णाचे दुखणे त्याच्याच भाषेत समजावे लागते. ही अट आम्हांस रास्त वाटते.

नियम मात्र स्थिर राहत नाहीत, हे पालकांनी ओळखून असावे. ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील कामगारांस व्हाउचरची अट घातली. त्याच ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पदवीच्या तोडीचे काम आवश्यक केले आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांची परदेशातून भरती बंद केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. जर्मनीनेही एके काळी तुर्कस्तानादी देशांतून बोलावलेल्या पाहुण्या कामगारांची भरती १९७३ मध्ये एकाएकी थांबविली होती. यास्तव घर गहाण टाकून एकाच देशावर सारी भिस्त ठेवणे आम्हांस पसंत नाही. दोन वर्षांचे कारागिरीचे शिक्षण आणि एक भाषा, एवढे पदरी असले तर एक दार मिटले तरी मुलगा पुण्या-चाकणच्या कारखान्यातही मानाने उभा राहील.

आता संस्थेकडे एक मागणे. आपला शिक्षण निधी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस साहाय्य देतो, ते उत्तमच. परंतु आय.टी.आय.च्या मुलास जर्मन वर्गाची आणि परीक्षेची फी भरण्यास आपण काही देत नाही. काळा घोड्याजवळील मॅक्समुल्लर भवनात हे वर्ग चालतात. गिरगाव-परळहून बसने जाता येण्याजोगे ते अंतर आहे. अडते ते फीपाशी. निधीतून बिनव्याजी कर्ज द्यावे व नोकरी लागल्यावर ते हप्त्यांनी परत घ्यावे, असा लेखी प्रस्ताव आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. एजंटास देण्यासाठी मात्र निधीतून एक पैसाही देऊ नये, असेही त्यात नमूद केले आहे. काही सभासदांस हे कठोर वाटले. आम्ही ते वाक्य बदललेले नाही.

पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी १० ते १२ आम्ही संस्थेच्या कार्यालयात बसणार आहोत. पालकांनी मुलास बरोबर आणावे. येताना दहावीची व आय.टी.आय.ची प्रमाणपत्रे, अनुभवाचे दाखले आणि पासपोर्ट असल्यास तो घेऊन यावे. एजंटाने काही कागद दिला असेल, तर सही करण्यापूर्वी तोही आणावा.