हळदीचा पिवळा आणि मांडवाचा पिवळा



लग्नसराई चालू आहे, तेव्हा हळदीच्या फोटोंपासूनच सुरुवात करतो. मांडव पिवळ्या कापडाचा, नवरीची साडी पिवळी, करवल्या पिवळ्या साड्यांत, अंगाखांद्याला हळद. आणि अल्बम हातात येतो तेव्हा हळद फिकी पडलेली, नवरीचा चेहरा राखाडी, निळसर. घरात चर्चा होते, फोटोग्राफर नवखा होता, कॅमेरा स्वस्तातला होता. लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्यातही हे होऊ शकतं. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडून दिलेला असतो, हे त्याचं कारण.

मांडवातला पिवळेपणा दोन ठिकाणचा असतो. काही हळदीचा आणि साडीचा स्वतःचा, काही मांडवाच्या कापडातून झिरपलेल्या उन्हाचा. कॅमेऱ्यापर्यंत दोन्ही मिसळूनच पोचतात. त्यात वस्तूचा वाटा किती आणि उजेडाचा किती, हे त्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून तो अंदाज बांधतो. या अंदाजामागचं जुनं गृहीतक असं, की दृश्यातले सगळे रंग एकत्र केले तर त्यांची सरासरी राखाडीच्या जवळपास येते. आजचे कॅमेरे याच्या बरेच पुढे गेले आहेत, चेहरासुद्धा ओळखतात. तरी पाया अंदाजाचाच. सगळं पिवळं दिसलं की तो ठरवतो, उजेडच पिवळा असणार, आणि पिवळा काढून टाकतो. मांडवाचा जातो, त्याच्याबरोबर हळदीचाही जातो. सोमवती अमावस्येला जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा तर चौकटीत दुसरा रंग उरतच नाही. कोकणातल्या भातखाचरांत हिरव्याची हीच गत होते. हिरवा जास्त झाला म्हणून कॅमेरा चित्रावर जांभळट झाक चढवतो.

वस्तूचा रंग उजेडापासून वेगळा ओळखणं आपल्या डोळ्यांना कसं साधतं? रात्री पिवळ्या बल्बखाली वाचायला बसलो तरी पुस्तकाचा कागद आपल्याला पांढराच वाटतो. योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 साली त्याची मांडणी केली. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या रंगपेशी समोरच्या उजेडाप्रमाणे आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमीजास्त करतात, असं त्याचं म्हणणं. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, की कॅमेरा आतून जवळपास हेच गणित करतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची बारीक चौकट असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट 1976 साली मिळालं. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. राखाडी वस्तूवर तिन्ही रंगांचे आकडे सारखे यावेत म्हणून लाल आणि निळ्याला योग्य गुणक लावायचा, हा व्हाइट बॅलन्स. आता समोरची राखाडी वस्तू कुठली, हे कॅमेऱ्याला कोणीतरी सांगायला हवं. ते आपण सांगितलं की झाला कस्टम व्हाइट बॅलन्स.

त्यासाठी ग्रे कार्ड लागतं, फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ते नवरीच्या हातात द्या आणि चेहऱ्यालगत धरायला सांगा. चेहरा जिकडे वळलेला, तिकडेच कार्डाचं तोंड. फोटोग्राफर मांडवाच्या दाराशी उभा राहून स्वतःच्या हातातलं कार्ड मोजतो, तेव्हा तो दाराचा उजेड मोजतो; नवरीवर पडलेला उजेड वेगळाच असतो. जवळ जा, चौकटीचा मधला भाग कार्डाने भरू द्या, आपली सावली त्यावर येऊ देऊ नका. अंगात लालभडक शर्ट असेल तर त्याचीही लाली कार्डावर उतरते, तेव्हा थोडं बाजूला व्हा. कोऱ्या कार्डावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून फोकस हाताने करा. तो तंतोतंत नसला तरी बिघडत नाही. एक्स्पोजर मात्र नीट हवं. कार्ड जास्त उजळून एखाद्या रंगाचा आकडा वरच्या टोकाला टेकला, की तिन्हींचं प्रमाण हरवतं आणि गुणक चुकतो.

पुढची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत कार्डाचा फोटो आधी काढून मेन्यूतल्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवडायचा, आणि त्यानंतर व्हाइट बॅलन्सची निवडही ‘कस्टम’वर आणायची. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते. निकॉनच्या अनेक मॉडेलांत ‘प्रीसेट मॅन्युअल’ निवडून बटण दाबून धरलं की ‘पीआरई’ ही अक्षरं लुकलुकतात, तेव्हा कार्डावर क्लिक करायचं. वरात मांडवातून अंगणात आली की उजेड बदलला, पुन्हा मोजायचं.

कार्ड नसेल तर पांढरा कागद चालेल का, असं सर्रास विचारतात. वेळ निभावते, पण छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारी रसायनं असतात. ती उन्हातली अतिनील किरणं शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. नीळ दिलेलं धोतरही असंच निळसर असतं. त्यांना पांढरं मानलंत तर कॅमेरा निळा कमी करतो आणि सगळे फोटो पिवळट येतात. दहा रुपयांचा कागद वाचवतो त्यापेक्षा जास्त बिघडवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेडाचा रंग सांगणाऱ्या केल्विनच्या आकड्यांबद्दल थोडंसं. मेणबत्ती साधारण 1900, घरातला पिवळा बल्ब 2700, दुपारचं ऊन 5500च्या आसपास, सावलीतला उजेड 7000च्या वर. आकडा चढेल तसा उजेड निळा. कॅमेऱ्यावर मात्र आकडा वाढवला की चित्र पिवळं होतं, कारण उजेड निळा आहे असं आपण त्याला सांगतो आणि तो भरपाई करतो. पण ट्यूबलाइटमध्ये हिरव्याचीही झाक असते, ती या एका आकड्यात मावत नाही. कार्डावरच्या मोजणीत तीही धरली जाते. जुन्या चोकच्या ट्यूबा आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि त्या प्रत्येक लुकलुकीत रंगही किंचित बदलतो. तिथे मोजणी 1/50 सेकंदाने किंवा त्याहून सावकाश करा.

वस्तूचा रंग हाच जिथे पुरावा असतो, तिथे मी याबाबत अजिबात तडजोड करत नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रं घ्या. तिथे फ्लॅश वर्ज्य, आणि तो वर्ज्य असायलाच हवा. गेरूचा तांबडा पिवळ्या दिव्यात खुलतो, पण लाजवर्दाचा निळा काळवंडतो, कारण त्या दिव्याच्या उजेडात मुळातच निळा कमी असतो. ऑटोवर घेतलेल्या फोटोवरून चित्रकाराच्या रंगांबद्दल कोणी निष्कर्ष काढू लागलं, तर ते निष्कर्ष दिव्याबद्दलचे ठरतील. पैठणीच्या जांभळ्याचं, त्वचारोगाच्या चट्ट्याचं तेच.

पण उजेड हाच विषय असेल तेव्हा कार्ड पिशवीत राहू द्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्यांसमोर कार्ड धरून सगळं पांढरं केलं तर काढायचं काय उरलं? तिथे मी व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर पक्का करतो आणि पणतीला तिचा तांबूसपणा ठेवू देतो. सूर्यास्तालाही तेच.

रॉ फाइलमध्ये फोटो काढणारे म्हणतात, आम्ही नंतर घरी बदलू. खरं आहे, रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो आणि चित्राचं काही नुकसान होत नाही. पण कार्डाची एक चौकट आधी घेतलेली नसेल, तर घरी बसून रंग आठवणीने ठरवावे लागतात, आणि डोळा उजेड विसरायला लावतो हे आपण पाहिलं आहेच. जेपेगमध्ये काढणाऱ्यांना तर तेवढीही मुभा नाही.

आता प्रत्यक्षच पाहू. या सभागृहात खिडकीतून संध्याकाळचा उजेड येतो आहे, माझ्या डोक्यावर पिवळा हॅलोजन आहे. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडले तर कुठलंही कार्ड दोन्हींना पुरं पडत नाही. एक निवडायचा आणि दुसरा बंद करायचा, नाहीतर त्याच्यापुढे रंगीत जिलेटिनचा कागद लावायचा. म्हणून हॅलोजन घालवायला सांगितला आहे. कार्ड टेबलावर आहे. ज्यांनी कॅमेरे आणले आहेत त्यांनी पुढे यावं, पहिली मोजणी खिडकीपाशी घ्यावी, दुसरी मागच्या ट्यूबखाली, आणि दोन्हींमध्ये शेजाऱ्याच्या चेहऱ्याचा एकेक फोटो काढावा.