खेळ घडविणाऱ्यांची मजुरी

(जालना येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जालन्याच्या कार्यकर्त्याला मुकादम कोण असतो हे समजावून सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. उचल तोवर खर्चून गेलेली असते. कुठल्या फडात जायचे, किती दिवस राहायचे हे कोयता धरणारा ठरवीत नाही; आणि कारखान्याकडे दाद मागावी तर ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची आहेत, असे उत्तर मिळते. इथल्या औद्योगिक वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला पोलाद-मजूरही पुष्कळदा कंत्राटदाराच्याच हजेरीपटावर असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार भाजले, तेव्हा हा जिल्हा कोणाच्या श्रमावर सळया विकतो हे चार दिवस वर्तमानपत्रांत दिसले.

याच जिल्ह्यातील शिकलेली मुले आता पुण्याला जाऊन व्हिडिओ गेमच्या धंद्यात शिरू पाहत आहेत. कोणी शैक्षणिक कर्ज काढून, कोणी बापाची एकर-दोन एकर जमीन विकून ॲनिमेशनचा अभ्यासक्रम पुरा करतो. हे काम मजुरीचे नाही, आवडीचे आहे, असे त्याला पहिल्या दिवसापासून ऐकविले जाते. त्या धंद्याचे बरेचसे अर्थशास्त्र या एका वाक्यात आले.

वस्तुतः हा धंदा बाल्यावस्थेपासूनच कारागिराचे नाव पुसत आला आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अटारी कंपनी खेळ रचणाऱ्याचे नाव छापत नसे आणि त्याला विक्रीतला वाटाही देत नसे. वॉरेन रॉबिनेट या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ एकट्याने रचला आणि मालकाला न कळू देता त्यात एक गुप्त खोली ठेवून तिच्यात आपले नाव लिहिले. एका खेळणाऱ्या मुलाने कंपनीला पत्र लिहिले तेव्हा त्या खोलीचा पत्ता लागला. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. अशा लपविलेल्या गमतींना आता ‘ईस्टर एग’ असे कौतुकाचे नाव मिळाले आहे, मागचे गाऱ्हाणे मात्र कोणाला आठवत नाही. त्याच कंपनीतील चौघांनी याच नाराजीतून बाहेर पडून १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजनची स्थापना केली. पुढे ती स्वतःच एवढी मोठी मालक झाली की तिच्या कामगारांना संघटना करावी लागली.

खेळ बाजारात आणण्याची तारीख जाहीर झाली की घाईचा हंगाम सुरू होतो. धंद्यातला शब्द ‘क्रंच’. नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतील एका कामगाराच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र प्रसिद्ध केले. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, आणि जादा वेळेचा मोबदला काही नाही, अशी तिची तक्रार होती. पगारी तज्ज्ञांना जादा वेळेचा नियम लागू नाही, ही मालकांची भूमिका. प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीने २००५ मध्ये चित्रकारांशी १ कोटी ५६ लाख, २००६ मध्ये प्रोग्रॅमरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरांची तडजोड केली. म्हणजे तासांचा हिशेब होऊ शकत होता. तो करायचा नव्हता एवढेच. सक्तीचे जादा काम घेणार नाही, असे पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०१९ मध्ये सांगितले आणि पुढच्याच वर्षी ‘सायबरपंक २०७७’ पुरा करण्यासाठी सहा दिवसांचा आठवडा लादला.

सर्वांत खालची पायरी खेळ तपासणाऱ्यांची. एकच भिंत शेकडो वेळा चढून चूक सापडते का पाहायचे, तेही बहुधा कंत्राटावर. डिसेंबर २०२१ मध्ये ॲक्टिव्हिजनच्या रेव्हन स्टुडिओने बारा तपासनिसांचे कंत्राट संपविण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले. मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी त्यांची संघटना उभी राहिली.

आता पुण्याकडे. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने २००८ मध्ये तेथील स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या खेळाची नवी आवृत्ती या दोन ठिकाणी घडत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. चित्रे पाहून जगभर टीका झाली, तारखा लांबल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपविण्यात आले. खेळ बरा होता की वाईट हा येथे प्रश्न नाही. काम आले आणि गेले. दोन्ही निर्णय साता समुद्रापलीकडचे.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट वेतन ठरविले. परंतु जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत चार महिन्यांपूर्वी लागलेली २६ वर्षांची तरुणी मरण पावली, आईने अतिश्रमांना दोष दिला, आणि कामगार खात्याने जाऊन पाहिले तर त्या कचेरीची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवाचे दहा तास करण्याचा निर्णय घेतला. हे आणखी एक.

वातानुकूलित कचेरीतील पगारदारासाठी ऊसतोड्यांमध्ये काम करणाऱ्यांनी शक्ती का वेचावी, असे काही ज्येष्ठ साथी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पहाटे तीनला पाचटात उतरणाऱ्या बाईच्या कष्टांशी संगणकापुढच्या कष्टांची बरोबरी करणे तिचा अपमान ठरेल. तथापि काम एकाचे, माणूस दुसऱ्याच्या नावावर आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही रचना दोन्हीकडे एकच आहे. कित्येकदा घरही एकच असते. आईबाप उचल घेऊन फडावर, त्याच उचलीतून फी भरलेला मुलगा पुण्यात कंत्राटावर.

त्या मुलाला निदान एवढे कळले पाहिजे की नियुक्तिपत्रात ‘आर्टिस्ट’ वा ‘ॲनालिस्ट’ लिहिल्याने तो कामगार राहत नाही असे होत नाही. प्रत्यक्ष काम काय आहे हे पाहिले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येतही तांत्रिक काम येते. ठराविक मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, हेही कंत्राट संपण्याआधी माहीत असलेले बरे. नियुक्तिपत्राची प्रत, पगारपत्रके आणि रोजच्या तासांची स्वतःच्या हातची नोंद त्याने जपून ठेवावी. हे सांगण्यासाठी पुण्यात कचेरी काढण्याची घाई नको. दिवाळीत मुले गावी रजेवर येतात आणि पुष्कळशा टोळ्या अजून निघायच्या असतात. बैठक तेव्हा गावातच घ्यावी, आईबापांना बरोबर बसवून.