गोळी का सुटते?

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. गोळी घेतली म्हणून बरं वाटत नाही, चुकली म्हणून त्रास होत नाही. म्हणून ती सुटते.

अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. पुढची किमान ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॅल्शियमची गोळीही नाही. पहाटे उठून सगळ्यांचा चहा करणाऱ्या आईला हे एकटीनं कसं जमावं?

तेव्हा ‘आई विसरते’ म्हणू नका. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी चहा तुम्ही करा. गिळताना दुखलं, छातीत जळजळलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनचाही पर्याय असतो.