बोनेटखालची आवराआवर

ओसरीवर बसून ऐकणाऱ्या आजी, गोठ्यात हात चालवत ऐकणाऱ्या काकू-वहिनी आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमचा नमस्कार.

आज आपण आवराआवरीबद्दल बोलू. मांडणी, कोठी, माळा हे तर आपण आवरतोच. आज बोलायचं ते गाडीच्या बोनेटखालच्या पाईप आणि वायरांबद्दल.

आम्ही सांगोला तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. गटाने कर्ज काढून एक जुनी, डिझेलवर चालणारी पिकअप घेतली. सकाळी तिच्यातून डाळिंबाचे क्रेट आणि भाजी पंढरपूरच्या बाजाराला जाते, येताना खताच्या गोण्या येतात. रात्री-अपरात्री वाडीवरच्या एखादीला कळा सुरू झाल्या तर हीच गाडी निघते. गाडी दोन दिवस उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही. माल मात्र नासतो. म्हणून या गाडीच्या पोटात काय आहे, हे आपल्याला माहीत हवं असं गटाने ठरवलं. आमच्यातल्या दोघी गाडी चालवतात. बाकीच्या चालवत नाहीत, पण बोनेट उघडून बघायला सगळ्याच शिकल्या.

जुन्या गाडीचं बोनेट उघडलं की पहिल्यांदा नुसता गुंता दिसतो. कंपनीतून गाडी येते तेव्हा प्रत्येक पाईपला आणि वायरीला तिची जागा असते, धरायला क्लिपा असतात. मग कुणी मोठा हॉर्न बसवतं, कुणी जादा दिवे लावतं, कुणी टेप बसवतं. दुरुस्तीत क्लिपा तुटतात, त्या परत कुणी लावत नाही. पाच-सात वर्षांत वायरी लोंबायला लागतात आणि पाईप एकमेकांवर घासायला लागतात. आमच्याही गाडीत आधीच्या मालकाने लावलेल्या हॉर्नची वायर बॅटरीवरून थेट गेलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता, आणि पत्र्याच्या कडेवर घासून तिचं वरचं कातडं निम्मं झिजलं होतं.

आता हे इतकं जिवाला लावून का घ्यायचं? कारण सोपं आहे. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. प्लसच्या वायरीचं कातडं झिजून आतलं तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट होतो, वायर लालबुंद होते. शेजारी डिझेलचा पाईप असेल, ऑइलची गळती असेल, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. आणि पाणी फिरवणारा पाईप फुटला तर इंजिन तापून बसतं. म्हणजे आवराआवर ही दिसण्यासाठी करायची नाही. कुठलीही वायर किंवा पाईप तापलेल्या, फिरणाऱ्या किंवा धारदार वस्तूला लागू नये, आणि काही बिघडलं तर ते लगेच डोळ्यांना दिसावं, एवढ्यासाठी करायची.

"हे काय बायकांचं काम आहे का?" असं आम्हालाही विचारलं गेलं. त्यांना आम्ही बर्था बेंझची गोष्ट सांगतो. जर्मनीतली ही बाई. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे, म्हणजे आपल्या माहेरी निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त वाट. मोटारीने इतका लांबचा प्रवास त्याआधी कुणीच केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली. एक वायर उघडी पडली, तिच्यावर तिने मोजा धरून ठेवायचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. नळी आणि वायर, मैत्रिणींनो! मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात या दोन्हींची दुरुस्ती एका बाईनेच केली.

आता कामाला लागू. आधी तयारी.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करायची आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. सकाळी गाडी चालू करण्याआधीची वेळ सगळ्यात चांगली. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

साडीचा पदर कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणी बांधायची. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठी, सगळं काढून डब्यात ठेवायचं. सोनं असो की तांबं, त्यातून वीज जाते. बॅटरी १२ व्होल्टची, तिचा तसा झटका बसत नाही. पण पाटली एका बाजूने प्लसला आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याला टेकली तर ती क्षणात इतकी तापते की मनगट भाजतं.

मग मोबाईलवर फोटो काढायचे. चारही बाजूंनी, जवळून. कुठला पाईप कुठून गेला होता हे नंतर कुणाला आठवत नाही, फोटोला आठवतं. फोटो झाले की बॅटरीची मायनसची वायर आधी काढायची. काम संपल्यावर तीच सगळ्यात शेवटी लावायची. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप फिरतो. मायनस काढली की ती भीती राहत नाही.

आता पाईप. रेडिएटरला वर एक आणि खाली एक असे दोन जाड रबरी पाईप असतात. ते थंड असताना बोटांनी दाबून बघायचे. चांगला पाईप दाबला की थोडा दबतो आणि परत जागेवर येतो. पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला, वाळक्या लाकडासारखा कडक लागला, भेगा दिसल्या किंवा क्लिपेजवळ फुगला असेल तर तो बदलायचा. जोडाशी पांढरी किंवा हिरवट पापडी धरली असेल तर तिथून कुलंट झिरपतंय असं समजायचं. घरातली गॅसची नारिंगी नळी आपण पाच वर्षांनी बदलतो ना, रबराचं आयुष्य गाडीतही असंच मोजकं असतं.

पाईपावर बांधायला साधी तार वापरायची नाही. तार रबरात रुतते आणि पाईप कापते. स्क्रूने आवळायची क्लिप घ्यायची, आणि तीही रबर चिरेल इतकी आवळायची नाही. ब्रेकच्या बूस्टरकडे एक मध्यम जाडीचा पाईप जातो. तो चिरला तर ब्रेकचं पायडल दगडासारखं कडक होतं. त्याला भेग दिसली तर गाडी बाहेर काढायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं.

आता वायरी. ओल्या फडक्याने धूळ पुसायची. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी इंजिन धुवायचं नाही. रबर फुगतं आणि आगीला निमंत्रण मिळतं. जोराच्या फवाऱ्यानेही धुवायचं नाही. जोडांत पाणी शिरतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर पूड जमली असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायची. हातात रबरी मोजे हवेत, बॅटरीची झाकणं बंद हवीत. पुसून कोरडं झालं की वायरी परत लावताना टोकांना थोडं व्हॅसलीन.

मग एकेक वायर बोटाने धरून तिच्या वाटेने जायचं. कुठे कातडं झिजलंय, कुठे नुसता पीळ देऊन जोड मारलाय, कुठे टेप सुटलाय, हे वहीत लिहायचं. साध्या काळ्या टेपचा गोंद इंजिनच्या उष्णतेने वितळतो आणि टेप सुटतो. म्हणून वायरींवर चिरलेला नालीदार प्लास्टिक पाईप चढवायचा आणि तो केबल टायने धरायचा. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तर भोकाला रबरी कडं हवंच.

फ्यूजबद्दल तर लक्षपूर्वक ऐका. शेतातल्या मोटारीच्या किटकॅटमध्ये जाड तार घालणारे आपण पाहिलेत. मोटार सुरू राहते आणि एक दिवस जळते. गाडीतही तसंच. फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जो गेला, त्याच आकड्याचा परत लावायचा. तोही पुन्हा गेला तर दोष वायरीत किंवा तिच्यावर चालणाऱ्या वस्तूत आहे. जादा दिव्यांचा हिशोबही आपल्याला करता येतो. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट; त्याला १२ ने भागलं की साधारण ९ अँपिअर. इतकी वीज बारीक वायरीतून नेली तर वायर तापणारच. म्हणून अशा दिव्यांना जाड वायर, रिले आणि बॅटरीच्या जवळच फ्यूज पाहिजे. हे मिस्त्रीकडून करून घ्यायचं, पण केलंय का ते आपण बघायचं. आमच्या हॉर्नची वायर आम्ही अशीच बदलून घेतली.

आता बांधणी. सायलेन्सरचा पाईप जिथून निघतो, तिथून वायर आणि रबर लांब न्यायचं. पट्टा आणि पंखा फिरतो, तिथे काहीही लोंबायला नको. इंजिन चालू असताना हलतं, म्हणून इंजिनवरून पत्र्याकडे जाणारी वायर ताठ बांधायची नाही, थोडी ढील ठेवायची. गाठोडं बांधल्यासारखं सगळं एकत्र आवळू नये; वायरी वेगळ्या, पाण्याचे पाईप वेगळे, डिझेलचा पाईप वेगळा. डिझेलच्या किंवा ब्रेकच्या पाईपाला आणि स्टीअरिंगला काहीही बांधायचं नाही. टायचं उरलेलं टोक सपाट कापायचं, नाहीतर पुढच्या वेळी तेच हाताला लागतं.

काही गोष्टींना आपण हात लावायचा नाही. डिझेलच्या नव्या इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या धातूच्या नळ्यांत हजार बारहून जास्त दाब असतो. टायरमधला दाब दोन-तीन बार असतो, त्यावरून विचार करा. ती धार कातडीतून आत शिरते. सीएनजी गाडीच्या गॅसच्या नळ्या, एअरबॅगचे पिवळे जोड, बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्या नारिंगी जाड केबली, हे सगळं जाणकाराचं काम. तिथे फक्त बघायचं.

आणि उंदीर! ठिबकच्या नळ्या कुरतडणारे हेच उंदीर ऊब शोधत बोनेटखाली येतात. गाडी कडब्याच्या गंजीजवळ, धान्याच्या पोत्यांजवळ उभी करू नका. बोनेटखाली गवताच्या काड्या, चिंध्या दिसल्या तर तिथे घरटं होतंय असं समजा आणि सगळं काढून टाका. तापलेल्या सायलेन्सरवर वाळलेलं गवत म्हणजे काडीपेटीच. आपलं पुसायचं फडकंही आत विसरू नका.

सगळं झालं की पाने-पकडी मोजून घ्यायच्या, मायनस जोडायची आणि गाडी चालू करायची. लांब उभं राहून बघायचं: काही हलतंय का, ओढलं जातंय का, खाली थेंब पडतोय का. जळका वास आला तर लगेच बंद. आणि चालत्या गाडीच्या बोनेटमधून धूर निघाला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, सगळ्यांनी उतरून लांब जायचं आणि ११२ ला फोन लावायचा. बोनेट उघडून बघायचा मोह आवरायचा. उघडताच हवा मिळते आणि भडका उडतो. माल गेला तर पुन्हा पिकेल.

आमच्याकडे दर महिन्याच्या बैठकीआधी दोघींची पाळी असते. अर्धा तास पुरतो. वहीत तारीख, काय दिसलं, काय बदललं, किती पैसे गेले, एवढंच लिहायचं. या वहीचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. पूर्वी मिस्त्री म्हणायचे, "ताई, वायरिंगच गेलंय, सगळं बदलावं लागेल," आणि आम्ही मान हलवायचो. आता आम्ही फोटो दाखवून म्हणतो, "दादा, उजव्या दिव्याची वायर इथे झिजलीय, तेवढी बदला." तेही नीट ऐकतात, आणि बिलही तेवढ्याच कामाचं होतं.

तुमच्या गटाकडे, घरी, शेजारी गाडी असेल तर या आठवड्यात एक सकाळ काढा. इंजिन थंड असताना बोनेट उघडा, मंगळसूत्र डब्यात ठेवा आणि नुसतं बघा. पहिल्या दिवशी काही बांधू नका, काही सोडू नका. फोटो काढा, वहीत लिहा, पुढच्या बैठकीत बोला. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आपल्या गाडीवर येऊ नये, एवढंच आमचं सांगणं.

पुन्हा भेटू. नमस्कार.