काडतूस भरणारा हात



२०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा नेम धरणाऱ्या हाताचे कौतुक झाले, ते योग्यच. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांस काडतूस भरणाऱ्या हाताविषयी बोलावयाचे आहे.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. पुंगळीत सुमारे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असते. बार होताच ती फुगून भोवतालच्या पोलादाला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि पुन्हा आकसते. म्हणूनच ती पुन्हा भरता येते. अमेरिकेत कित्येक नेमबाज घरीच भरतात. त्यांतले जाणते लोक दाबयंत्र साधे घेतील, पण वजनकाटा साधा घेणार नाहीत. दारू तोलतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. प्रत्येक दारूचे कोष्टक वेगळे. एकीचे माप दुसरीला लावले, तर बंदूक फुटून धरणाराच जायबंदी व्हावयाचा. म्हणून मेजावर एका वेळी एकच दारू, आणि दमलेल्या माणसाने हात लावावयाचा नाही, हा त्यांचा नियम.

कुसाळे यांच्या प्रकारातील पॉइंट टू टू काडतुसात मसाला बुडाच्या काठातच असतो. ते पुन्हा भरण्याजोगे नसते. तेथे नेमबाज निरनिराळ्या खेपा आपल्या रायफलीत उडवून पाहतो व जुळेल ती घेतो. म्हणजे त्याचा भरवसा शेवटी कारखान्यातल्या हातावरच!

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही. खडकीचा कारखाना १८६९ पासून हे काम करीत आला आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या कारणांचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आमचा प्रश्न एवढाच: छंद म्हणून भरणारा दमला की उठतो, पोटासाठी भरणाऱ्याला उठता येते काय?

मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत ज्यांनी गेज हाताळले, त्यांना ठाऊक आहे की माप चुकते ते बहुधा पाळीच्या शेवटच्या तासाला. शंका येताच यंत्र थांबविण्याचा हक्क कामगाराला हवा, आणि थांबविल्याबद्दल त्याचा पगार कापला जाता कामा नये. काटा कितीही चांगला घ्या. तो वाचणारे डोळे ताजे नसतील, तर त्या काट्याचा उपयोग नाही.